शिक्का वर, मोर्तब खाली: स्क्रॅपबुकच्या पानावर ठसे उठवताना

भाचीच्या बारशाचं पान करायला घेतलं तेव्हा घरात एकच स्टॅम्प पॅड होतं, पावत्यांवर शिक्के मारायचं, जांभळ्या शाईचं. फोटो चिकटवून झाले होते, पान दिसतही बरं होतं. मग चारही कोपऱ्यांत चांदण्यांचे ठसे मारले आणि वाळलेत का ते पाहायला बोट फिरवलं. वाळले नव्हते. तेच बोट फोटोलाही लागलं. पाळण्यातल्या बाळाच्या कपाळावर उठलेला जांभळा फराटा आजही तिथेच आहे. वहिनी म्हणते, राहू दे, तीट समजू.

शिक्का चांगला होता. शाई चुकीची होती आणि कामाचा क्रम उलटा होता. नवखी माणसं बहुतेक पैसे शिक्क्यांवर घालवतात आणि शाई-कागद घरात असेल तो वापरतात. खरं तर उलट करायला हवं. साधा खोडरबर कोरूनही देखणा ठसा उठतो, पण वाईट शाई चांगल्या शिक्क्याचंही मातेरं करते.

आधी जमवाजमव

सुरुवातीला दोन-तीन शिक्के, एक काळं पॅड, जाड कागद, खाली घालायला जुना माऊस पॅड आणि ओलं फडकं एवढं पुरतं. पंचवीस शिक्क्यांचा संच स्वस्त मिळाला तरी मोह आवरा. त्यातले वीस कधी वापरले जात नाहीत, आणि उरलेल्यांत ‘हॅपी बर्थडे’ असतं.

शिक्के मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. एक लाकडी ठोकळ्यावर चिकटवलेलं रबर. हा टिकतो, ठसा स्वच्छ देतो, पण कागदावर टेकवताना खाली काय चाललंय ते दिसत नाही. दुसरा पारदर्शक पॉलिमरचा. तो प्लास्टिकच्या पत्र्यावरून सोलून अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक ठोकळ्यावर दाबला की आपला आपण चिकटतो, गोंद लागत नाही. आरपार दिसत असल्यामुळे ठसा नेमका कुठे पडणार ते कळतं, म्हणून शिकताना हाच घ्या. एक अडचण असते. नव्या पॉलिमर शिक्क्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की शाई त्यावर तवंगासारखी थेंब थेंब गोळा होते आणि ठसा डागाळ उठतो. अशा वेळी त्याच्यावरून साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा. पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि शाई धरायला लागतो. हे न कळल्यामुळे मी माझा पहिला संच खराब निघाला म्हणून टाकून देणार होते.

मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि रविवार पेठेतली बोहरी आळी इथे हे सामान बघून घेता येतं. पहिल्या वेळी तरी बघूनच घ्या. स्क्रीनवर तळहाताएवढा दिसलेला मोर घरी आल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा निघतो.

शाई

इथे थोडं थांबायला हवं, कारण पान बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच.

पावत्यांच्या पॅडमधली शाई कचेरीच्या कामासाठी असते. कागदावर शिक्का दिसला की तिचं काम संपलं. पाणी लागलं की ती बहुधा पसरते आणि उजेडात फिकी पडत जाते. अल्बमच्या वाटेला ती जाऊ नये हेच बरं.

हस्तकलेच्या दुकानात जी पॅडं मिळतात त्यांत ‘डाय’ शाई पातळ असते, कागदात मुरते आणि साध्या कागदावर चटकन वाळते. ‘पिगमेंट’ शाई दाट असते, कागदाच्या वर बसते, रंग गडद देते, पण सावकाश वाळते आणि चकचकीत कागदावर तर वाळतच नाही म्हटलं तरी चालेल. सहसा पिगमेंट शाई उजेडात जास्त टिकते. तिसरी सॉल्व्हंटची, ‘स्टॅझऑन’सारखी. ती काच, प्लास्टिक, धातू यांवर बसते, आणि फोटोच्या चकचकीत पृष्ठभागावर ठसा उठवायचाच असेल तर हीच लागते. तिला उग्र वास असतो, खिडकी उघडी ठेवा. पारदर्शक शिक्क्यांवर ती जपून वापरा. डाग तर पडतातच, आणि कडक क्लीनरने पुसत बसलात तर पॉलिमर खराब होतं.

एकच पॅड घ्यायचं असेल तर काळं घ्या, ‘आर्काइव्हल’ (वर्षानुवर्षं टिकणारं) किंवा ‘ॲसिड-फ्री’ (आम्ल नसलेलं) लिहिलेलं. घरी आल्यावर त्याची परीक्षा घ्या: जाड कागदाच्या तुकड्यावर ठसा मारा, अर्धा तास ठेवा आणि ओल्या ब्रशने त्यावरून एक रेघ ओढा. रेघ करडी झाली तर त्या शाईने मारलेल्या ठशात जलरंग भरता येणार नाहीत. रेघ स्वच्छ राहिली तर हवं ते करा.

पावसाळ्यात वाळायचा वेळ दुप्पट धरा. मुंबई-कोकणात जुलैमध्ये पिगमेंट शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते.

कागदाचं थोडक्यात. शाळेच्या प्रकल्पासाठी मिळणाऱ्या रंगीत पानांच्या स्क्रॅपबुकात ठसा मागच्या बाजूला फुटतो आणि पानं काही वर्षांत पिवळी पडतात. साधारण दोनशे जीएसएमचा (एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन) किंवा त्याहून जाड, ॲसिड-फ्री, गुळगुळीत कार्डस्टॉक घ्या. हातकागद मला फार आवडतो, पण त्याच्या खडबडीत अंगावर बारीक रेषांचा ठसा तुटक उठतो. त्यावर ठसठशीत, भरीव आकारच मारावेत.

ठसा कसा उठवायचा

फोटो चिकटवायच्या आधी. हे मुद्दाम सांगते, कारण फोटोच्या जाडीमुळे पानावर उंचवटे येतात, शिक्का त्यावर डुगडुगतो आणि अर्धाच ठसा उठतो.

पानाखाली माऊस पॅड घाला. पॉलिमरच्या शिक्क्याला खाली थोडा मऊपणा लागतो. कडक टेबलावर मधला भाग उठत नाही. लाकडी शिक्क्याच्या रबराखाली बहुतेक वेळा फोमचा थर असतो, त्यामुळे तिथे माऊस पॅड नसलं तरी चालतं.

आता शाई. शिक्का पॅडवर दाबू नका. शिक्क्यावर पॅड, असं करा: शिक्का डाव्या हातात उताणा धरा आणि उजव्या हाताने पॅड त्यावर हलकेच टपटप टेकवत जा, पोळीवर तूप लावल्यासारखं सगळीकडे सारखं. शिक्का पॅडपेक्षा मोठा असला तरी मग अडत नाही. शाई लागली की शिक्का उजेडात तिरका धरून पाहा. जिथे कोरडं आहे तिथे चमक दिसणार नाही. आणि कडेच्या रबराला शाई लागली असेल तर फडक्याच्या टोकाने पुसून घ्या, नाहीतर ठशाभोवती नको असलेली कड उमटते. नवख्यांच्या पानावर ती हमखास दिसते.

मग शिक्का सरळ खाली न्या. टेकला की हलवायचा नाही. पोस्टातला कारकून ज्या ठसक्यात धप्पकन मारतो तसा मारायचा नाही, आणि खुर्ची झुलवावी तसा मागे-पुढे झुलवायचाही नाही. एका हाताने ठोकळा धरून ठेवा, दुसऱ्या हाताच्या बोटांनी चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये दाब द्या, मनात तीन मोजा, आणि एका हाताने कागद धरून शिक्का सरळ वर उचला. मोठा शिक्का असेल तर उभं राहून दाबा. बसून दाबला की जोर आपल्या बाजूच्या कडेवर जास्त पडतो आणि पलीकडची कड फिकी राहते.

पहिले दहा ठसे रद्दीवर मारा. पानाच्याच कागदाच्या कापलेल्या तुकड्यावर मारलेत तर आणखी चांगलं, कारण वर्तमानपत्रावर सुंदर उठणारा ठसा कार्डस्टॉकवर तसाच उठेल असं नाही.

ठसा मध्येच तुटला तर तोच शिक्का पुन्हा नेमका त्याच जागी बसवायचा प्रयत्न करू नका. हाताने तो बसत नाही, दोन सावल्या दिसतात. त्याच रंगाचं बारीक टोकाचं पेन घ्या आणि तुटलेली रेघ जोडा. हातभर अंतरावरून कुणाला कळत नाही.

आणि ज्यांना हे सगळं धोक्याचं वाटतं त्यांच्यासाठी माझा नेहमीचा मार्ग: ठसा पानावर मारायचाच नाही. वेगळ्या कागदावर पाच-सहा मारा, त्यातला उत्तम निवडा, कडेला दोन मिलिमीटर पांढरं ठेवून कापा आणि पानावर दुहेरी टेपने चिकटवा. पातळ फोमचा चौकोन मागे लावलात तर तो पानावर थोडा उचलून येतो, खाली सावली पडते. फेव्हिकॉल नको. त्याच्या पाण्याने कागदाला सुरकुत्या पडतात.

पानावर काय कुठे

जुन्या मराठी पत्रांत शिक्का माथ्यावर असायचा आणि मजकूर संपला की खाली मोर्तब, म्हणजे शेवटचा छोटा शिक्का. मोर्तबाच्या खाली कुणी ओळ वाढवू नये, हा त्यातला हेतू. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा पत्राच्या माथ्यावर असे आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ एवढंच लिहिलेलं मोर्तब. आपण बोलताना सहज ‘शिक्कामोर्तब झालं’ म्हणतो, ते तिथून आलं. मला पानाच्या मांडणीसाठी यापेक्षा सोपी युक्ती सापडलेली नाही. वरच्या बाजूला, मथळ्याजवळ, एक ठळक ठसा. खाली उजव्या कोपऱ्यात तारखेचा किंवा छोट्या पानाफुलाचा एक लहानसा. मधलं सगळं फोटोंचं.

चार कोपऱ्यांत चार चांदण्या हे लग्नपत्रिकेचं वळण झालं. डोळा कोपऱ्या-कोपऱ्यांत फिरत राहतो आणि बाळाचा चेहरा बाजूलाच राहतो.

पार्श्वभूमीला नक्षी हवी असेल तर ती फिकी हवी. त्यासाठी फिकी शाई विकत घ्यायला नको. शिक्क्याला एकदा शाई लावा, पहिला ठसा रद्दीवर मारा, आणि पुन्हा शाई न लावता दुसरा पानावर. तोच रंग निम्म्याने उतरतो. बारशाच्या पानावर (दुसऱ्या प्रयत्नात, नवं पान घेऊन) मी पिंपळपानाचे ठसे असेच उठवले: एक गडद, मग दोन फिके, सगळे पानाच्या डाव्या कडेने, काही कडेबाहेर अर्धे गेलेले. कडेबाहेर जाणारा ठसा पानाला मोकळं करतो. त्यासाठी पानाखाली रद्दी घाला, नाहीतर टेबलावर पिंपळ उगवतो.

एक ठसा दुसऱ्याच्या मागे आहे असं दाखवायचं तर आच्छादन करावं लागतं. पाळण्यामागे चंद्र हवा आहे, समजा. आधी पाळण्याचा ठसा पानावर मारा, कारण जे पुढे दिसायचं ते आधी. मग तोच ठसा चिकट चिठ्ठीच्या कागदावर, गोंद असलेल्या पट्टीवर मारा आणि रेषेच्या अगदी किंचित आतून कापा. ही चिठ्ठी पानावरच्या पाळण्यावर चिकटवून वरून चंद्राचा शिक्का मारा. चिठ्ठी काढली की चंद्र पाळण्यामागे. रेषेच्या बाहेरून कापलीत तर दोघांत पांढरी फट राहते, म्हणून आतून.

मराठी अक्षरांची गोष्ट

इंग्रजी अक्षरांचे संच कुठेही मिळतात. आपल्या लिपीत सुटी अक्षरं जोडून शब्द करणं कठीणच. शिरोरेषा एका ओळीत यायला हवी, आणि काना, वेलांटी, रफार, जोडाक्षर हे सगळं सुट्या तुकड्यांत बसवायचं म्हणजे शिरोरेषा जिना चढते.

उपाय गल्लीतच आहे. तहसील कचेरी किंवा कोर्टाच्या आसपास ‘रबरी शिक्के करून मिळतील’ अशी पाटी असते. तिथे ‘सचिव’ आणि ‘सरपंच’ बनवणाऱ्या माणसाकडून ‘बारसं’, ‘आजोळ’, ‘पहिला पाऊस’ असे अख्खे शब्द करून घ्या. आमच्या दुकानदाराने ‘आजोळ’ दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘‘ताई, ही संस्था कुठली?’’ त्याला सांगायच्या गोष्टी: साधा, हाताने पॅडवर टेकवायचा शिक्का हवा, आत शाई भरलेला नको. आत शाई भरलेल्याचा रंग आपल्याला बदलता येत नाही. अक्षर ठळक निवडा, पण इतकंही जाड नको की ‘ळ’ आणि ‘ष्ट’च्या पोटातल्या पोकळ्या शाईने बुजतील. अनुस्वाराचा टिंब मोठा करायला सांगा. बारीक टिंब पाच-सहा ठशांनंतर उठेनासा होतो आणि ‘बारसं’चं ‘बारस’ होतं. शिक्का करायला टाकण्याआधी कागदावरचा नमुना घरच्या दोघांना तरी वाचायला द्या. रबरावरची शुद्धलेखनाची चूक प्रत्येक पानावर उठते.

स्वतः कोरलेली कोयरी

यात सगळ्यात जास्त मजा आहे, आणि खर्च पाच-दहा रुपयांचा.

मऊ, पांढरा, नवा खोडरबर घ्या. जुना कडक झालेला भुगा होतो. बटर पेपरवर मऊ पेन्सिलने खोडरबराच्या मापाची कोयरी काढा. आकार साधा ठेवा: बाहेरची रेघ, आत एक थेंब, बस. आता बटर पेपर उलटा करून, पेन्सिलची बाजू रबरावर येईल असा ठेवा आणि नखाने घासा. चित्र रबरावर उलटं उतरतं, त्यामुळे ठसा आपोआप सुलटा उठतो. अक्षरं कोरतानाही हीच युक्ती.

कटरचं पातं रेघेवर सरळ उभं धरू नका. बाहेरच्या बाजूला तिरकं धरा, म्हणजे कोयरीचा बुंधा डोंगराच्या पायथ्यासारखा खाली रुंद होत जाईल. आत कापत गेलात तर दोन-चार दाबांनंतर कड तुटून पडते. साधारण दोन मिलिमीटर खोल पुरे. वळणावर हात फिरवू नका, खोडरबर फिरवा. पातं जागच्या जागी. कोयरीच्या शेपटाचं वळण मला या एका वाक्यानंतर जमलं, तोवर तीन खोडरबर वाया गेले होते. बाहेरचा भाग थोडा थोडा उडवा. आतला थेंब लिनोच्या व्ही आकाराच्या कोरणीने काढा, ती चित्रकलेच्या दुकानात मिळते. बोटं नेहमी पात्याच्या मागे. लहान मुलांना हे काम देऊ नका, त्यांच्यासाठी भेंडी आहे. भेंडीच्या देठाकडची चकती पाच पाकळ्यांचं फूल देते, रंगही पोस्टर कलरचा चालतो. मात्र भाजीचा ओलावा कागदात जातो, तेव्हा ते वेगळ्या कागदावर मारून, पुरतं वाळवून मगच अल्बममध्ये लावा.

कोरताना अधूनमधून ठसा मारून बघा. कापलेलं परत जोडता येत नाही, राहिलेलं कापता येतं.

थोडा उठाव

लग्नपत्रिकेवरच्या सोनेरी उठावदार अक्षरांसारखा ठसा हवा असेल तर एम्बॉसिंग पावडर लागते. कागदावर आधी टाल्कम पावडरचा हात फिरवून झटका, म्हणजे सोनेरी कण भलतीकडे चिकटत नाहीत. पिगमेंटच्या किंवा व्हर्सामार्कसारख्या चिकट पारदर्शक शाईने ठसा मारा, ओला असतानाच पावडर भुरभुरा, उरलेली कागदावर ओतून परत डबीत भरा आणि हीट गनने, म्हणजे खूप गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने, तापवा. पावडर वितळून चकाकते तो क्षण डोळ्यांसमोर घडतो, म्हणून सगळेच जण पहिल्या दिवशी दहा-बारा करतात. हेअर ड्रायरने जमत नाही: उष्णता कमी पडते आणि वारा पावडर उडवून देतो. चकाकी आली की लगेच थांबा. जास्त तापवलं तर ठसा कागदात मुरून तेलकट दिसतो. आणि हे काम फोटोपासून लांब, वेगळ्या कागदावरच करा.

झाल्यावर

शिक्के लगेच पुसा. ओलं फडकं पुरतं. शाई वाळली असेल तर सौम्य साबणाचं पाणी आणि जुना मऊ टूथब्रश. लाकडी शिक्का पाण्यात बुडवू नका, रबर सुटतं. पारदर्शक शिक्का ठोकळ्याला चिकटेनासा झाला तर त्याची पाठ साबणाने धुऊन वाऱ्यावर वाळवा, पुन्हा धरतो. उन्हात ठेवू नका. पॉलिमर पिवळा पडून चिकचिकीत होतो. कोरलेले खोडरबर कागदात गुंडाळून वेगळे ठेवा. कंपासपेटीत प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून बसलेला खोडरबर सगळ्यांनी पाहिला असेल. तो प्लास्टिकच्या डबीला आणि शेजारच्या शिक्क्यांनाही तसाच चिकटतो.

पॅड आडवंच ठेवा. आणि पान, ठसे कितीही वाळलेले वाटले तरी, एक रात्र उघडंच राहू द्या. फोटो सकाळी चिकटवा. वाळलंय का ते बोटाने बघू नका, टिश्यू पेपरचा तुकडा टेकवून बघा.